वाचकांचे प्रश्न: विजेची शेगडी, ग्लास टॉप आणि दिवाळीचं तळण

दिवाळी जवळ आली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत शेगडीचे प्रश्न वाढतात. या वेळी ते इतके आले, की वॉशिंग मशीन आणि हीटरचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून हे सगळं पान मी विजेच्या शेगडीला दिलं आहे. नवीन वाचकांसाठी माझी ओळख: कोल्हापूरच्या आयटीआयमध्ये मी वायरमनचं काम शिकले, लग्नानंतर न्यू जर्सीत आले आणि इथल्या अपार्टमेंटांमध्ये घरगुती उपकरणांची दुरुस्ती करते. आपल्या माणसांच्या घरी शेगडीला विश्रांती नसते. सकाळी डबे, संध्याकाळी कुकर, शनिवार-रविवारी पाहुणे. जी वस्तू आपण इतकी वापरतो, तिचा स्वभाव घरातल्या प्रत्येकाला माहीत असला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: सासूबाई कऱ्हाडहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. आयुष्यभर गॅसवर स्वयंपाक केलेला. आमच्याकडे कॉइलची शेगडी आहे. परवा त्यांनी दूध तापवून शेगडी बंद केली, पातेलं उतरवलं आणि हातातलं फडकं त्याच कॉइलवर ठेवलं. फडक्याने पेट घेतला, धूर झाला, अलार्म वाजला. आता त्या शेगडीजवळ जायलाच घाबरतात. त्यांना कसं समजावू?
*— एक सून, एडिसन*

ताई, आधी सासूबाईंना सांगा की चूक त्यांची नाही. गॅसवर ज्योत दिसते. ज्योत विझली की आच संपली, हे डोळ्यांना इतकी वर्षं माहीत आहे. विजेच्या कॉइलचं तसं नाही. धातू साधारण ५०० अंश सेल्सियसच्या पुढे गेला तरच तांबडा दिसायला लागतो. त्याच्या खाली तो काळाच दिसतो, पण ४०० अंशांवरची काळी कॉइलसुद्धा सुती फडकं पेटवू शकते. म्हणजे तांबडेपणा गेला याचा अर्थ एवढाच, की आता आच डोळ्यांना दिसत नाही.

कऱ्हाडकडच्या आजींनी लहानपणी चूल पाहिलेली असते. त्यांना म्हणा, ‘ही गॅसची शेगडी नाही, ही चूल आहे. वर राख दिसते, आत निखारा असतो.’ मी अनेक घरांत हे असंच सांगितलं आहे आणि वयस्क बायकांना ते तरुणांपेक्षा लवकर पटतं.

मग तुमच्या बाजूने काही गोष्टी करा. चारही बटणांजवळ मराठीत लिहून चिकटवा: पुढची डावी, मागची डावी, पुढची उजवी, मागची उजवी. बटणाशेजारची छोटी ठिपक्यांची चित्रं चष्म्यातूनही नीट दिसत नाहीत, आणि चुकीचं बटण फिरवून रिकामी कॉइल तापवणं हा मला घरोघरी दिसणारा प्रकार आहे. ‘बंद’ची जागा लाल नेलपॉलिशने ठळक करा. फडकी, ओव्हनचे हातमोजे, पोळ्यांचा कागद, तेलाची प्लास्टिकची बाटली यांना शेगडीच्या दोन्ही बाजूंना हातभर तरी जागा देऊ नका. फडक्यासाठी सिंकजवळ एक खिळा ठोका.

आता दूध आणि कुकर. गॅसवर दूध वर आलं की आपण बटण फिरवतो आणि दूध खाली बसतं. इथे बटण फिरवूनही ते उतू जाणार, कारण कॉइलमध्ये साठलेली उष्णता लगेच जात नाही. म्हणून दूध वर यायच्या दोनेक मिनिटं आधी शेगडी बंद करायची, उरलेल्या आचेवर ते आपोआप तापतं. तरी वर यायला लागलंच तर बटणाच्या मागे न लागता पातेलं उचलून शेजारच्या थंड बर्नरवर ठेवायचं. कुकरची युक्ती अशी: एक बर्नर मोठ्या आचेवर, दुसरा आधीपासून बारीक. पहिली शिट्टी झाली की कुकर बारीक बर्नरवर सरकवायचा आणि पहिला लगेच बंद करायचा. भात खाली लागणं यानेच थांबतं.

सासूबाई नऊवारी नेसत असतील किंवा घरी नायलॉनचा गाऊन घालत असतील, तर मागच्या बर्नरकडे हात करताना पदर आणि बाही पुढच्या बर्नरवरून जाते हे त्यांच्या लक्षात आणून द्या. मागचा बर्नर चालू असेल तेव्हा पुढचा थंड ठेवणं बरं.

एक विनंती. अलार्म वाजतो म्हणून त्याची बॅटरी कोणी काढू नका. फोडणीच्या धुराने तो वारंवार वाजत असेल तर तो शेगडीच्या फार जवळ आहे. शेगडीपासून निदान १० फूट अंतर हवं. जागा बदलता येत नसेल तर लीझिंग ऑफिसकडून (भाड्याच्या घरांचं कामकाज बघणारं कार्यालय) ‘फोटोइलेक्ट्रिक’ प्रकारचा मागून घ्या, तो स्वयंपाकाच्या धुराने कमी वाजतो. आणि सासूबाईंच्या शेजारी उभ्या राहून दोन-चार दिवस त्यांनाच स्वयंपाक करू द्या. स्वयंपाकघर हातातून गेलेलं माणूस परक्या देशात फार एकटं पडतं.

प्रश्न: ताई, मी मास्टर्ससाठी आले आहे. आम्ही चौघी एका अपार्टमेंटमध्ये राहतो. कालपासून शेगडीचं घड्याळ चालू आहे, ओव्हनचा दिवा लागतो, पण एकही बर्नर गरम होत नाही. रूममेट म्हणते मागचं झाकण उघडून बघू. आणि अजून एक, कॉइलवर थेट फुलके भाजले तर चालतं का?
*— एक विद्यार्थिनी, आर्लिंग्टन (टेक्सस)*

मागचं झाकण अजिबात उघडू नका. हे मी रागावून सांगते असं वाटलं तरी चालेल.

काय झालं असेल ते सांगते. भारतात आपल्या घरात २३० व्होल्टची एक फेज येते. अमेरिकेत घरात १२० व्होल्टच्या दोन ‘गरम’, म्हणजे वीज वाहणाऱ्या, तारा येतात आणि त्या दोघींमध्ये २४० व्होल्ट असतात. शेगडीचे बर्नर आणि ओव्हन २४० वर चालतात, घड्याळ आणि दिवा एकाच तारेवर, १२० वर. दोनपैकी एक तार तुटली की नेमकं तुला दिसतं तेच दिसतं: घड्याळ जिवंत आणि बर्नर थंड. पण त्या अवस्थेतही आत एक तार वीज घेऊन उभी असते. ‘शेगडी बंद पडली आहे, मग शॉक कसा बसेल’ असं वाटून माणसं हात घालतात, म्हणून मला ही भीती.

तू करण्यासारखी एक गोष्ट आहे. ब्रेकरच्या पेटीत शेगडीचा जोड-ब्रेकर शोध. दोन खटके एकत्र बांधलेले असतात आणि त्यावर ४० किंवा ५० लिहिलेलं असतं. आधी शेगडीची सगळी बटणं बंद कर. मग ब्रेकर पूर्ण ‘ऑफ’कडे दाबून परत ‘ऑन’ कर. अर्धवट सुटलेला (ट्रिप झालेला) ब्रेकर नुसता बघून ओळखू येत नाही. शेगडी सुरू झाली तर ठीक. पुन्हा सुटला तर परत परत चढवत बसू नकोस. लीझिंग ऑफिसला लेखी तक्रार दे, फोनवर नको. भाड्याच्या घरातली शेगडी मालकाची असते आणि दुरुस्त करून देणं त्यांचं काम आहे. जळका वास येत असेल किंवा मागच्या बाजूने तडतड ऐकू येत असेल तर ब्रेकर बंदच ठेव आणि त्याच दिवशी त्यांना बोलाव.

पुढे कधी एकच बर्नर बंद पडला तर वेगळी तपासणी आहे. शेगडी बंद, कॉइल पूर्ण गार, शक्यतो ब्रेकरही बंद. कॉइल थोडी वर उचलून सरळ बाहेर ओढली की सॉकेटमधून निघते. ती त्याच मापाच्या दुसऱ्या जागी लावून बघ. तिथे तापली तर कॉइल चांगली आहे आणि पहिलं सॉकेट जळलं आहे. कॉइलची टोकं काळी पडलेली किंवा खड्डे पडलेली दिसली तर कॉइल आणि सॉकेट दोन्ही बदलायला सांग. जुन्या कॉइलची जळकी टोकं नवं सॉकेटही जाळतात. कॉइल कधी पाण्यात बुडवून धुवायची नाही. तिच्यावर सांडलेलं पुढच्या वापरात जळून जातं. धुवायचं ते खालचं वाडगं, म्हणजे ड्रिप पॅन. त्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरू नका. घासणं वाचतं खरं, पण हवेची वाट बंद होते आणि फॉइल सरकून सॉकेटला टेकली तर ठिणगी उडते.

नवीन कॉइलवाल्या शेगड्यांबद्दल एक तक्रार विद्यार्थी नेहमी करतात: ‘मध्येच बंद होते, कमजोर आहे.’ ती बिघडलेली नसते. अमेरिकेतलं सुरक्षेचं मानक बदललं आणि २०१८ पासून नव्या कॉइलच्या शेगड्यांना भांड्याचं तापमान तेल पेटण्याच्या खाली ठेवण्याची अट आली. म्हणून मधोमध तापमान ओळखणारी एक चकती असते आणि ती कॉइल चालू-बंद करते. भांड्याचा तळ सपाट असला, चकतीला नीट टेकला, तर स्वयंपाक व्यवस्थित होतो. तिच्या जागी जुन्या पद्धतीची कॉइल आणून बसवू नका.

फुलके: कॉइलवर पायांची जाळी ठेवून भाजता येतात, मीही भाजते. थेट कॉइलवर नको, पीठ जळून चिकटतं आणि पुढच्या वेळी धूर होतो. तव्यावर कापडाने दाबून फुगवत असाल तर कापड लहान, घट्ट घडी केलेलं घ्या, कोपरा लोंबकळता नको.

प्रश्न: दिवाळीला मी चकल्या, शेव, शंकरपाळे सगळं घरीच करते. गेल्या वर्षी फोनवर बोलता बोलता कढईतल्या तेलातून एकदम दाट धूर यायला लागला. नशिबाने पेट घेतला नाही. घेतला असता तर मी काय करायला हवं होतं? नवरा म्हणतो पाणी, मैत्रीण म्हणते पीठ.
*— एक गृहिणी, फ्रिमॉन्ट*

पाणी नाही आणि पीठही नाही. या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त जागा देणार आहे, कारण दिवाळीत ही वेळ कोणावरही येऊ शकते.

पाणी तेलापेक्षा जड. पेटत्या तेलात ते तळाला जातं आणि त्या उष्णतेत क्षणात त्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा मागते. ती वाफ पेटतं तेल उडवत बाहेर येते, छतापर्यंत, तुमच्या तोंडावर. पीठ, साखर, मैदा हे स्वतःच जळणारे पदार्थ आहेत, हवेत उडालेलं पीठ तर भडकतंच.

करायचं असं. तळायला बसण्याआधी कढईपेक्षा मोठं सपाट धातूचं झाकण किंवा बेकिंगचा ट्रे हाताशी ठेवायचा. काचेचं झाकण नको. पेट घेतला तर झाकण आपल्या बाजूने पलीकडे सरकवत कढईवर टाकायचं, म्हणजे ज्वाळा आपल्यापासून दूर ढकलली जाते. मग बटण बंद. बटण ज्वाळांच्या मागे असेल तर त्यावरून हात नेऊ नका, ब्रेकर बंद करा. कढई उचलून बाहेर न्यायची नाही, सिंकमध्येही नाही. पेटतं तेल घेऊन चालताना माणसं भाजतात आणि घरं जातात. झाकण तसंच राहू द्या, तेल आणि भांडं पूर्ण गार होईपर्यंत, म्हणजे चांगला तास-दोन तास. मध्येच ‘विझलं का’ म्हणून उघडलं तर हवा मिळते आणि तेल पुन्हा भडकतं. विजेच्या शेगडीवर हा धोका जास्त, कारण बटण बंद केल्यावरही खालची कॉइल तेलाला तापवतच असते.

झाकण जमलं नाही, आग भांड्याबाहेर आली, तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, येताना दार ओढून घ्या आणि बाहेरून ९११ ला फोन करा. फराळ, भांडी, पर्स काहीही मागे राहू द्या.

आता पेटूच नये यासाठी. पुऱ्या-चकल्यांना तेल १८० ते १९० अंश सेल्सियस, म्हणजे ३५० ते ३७५ फॅरनहाइट पुरतं. शुद्ध केलेलं शेंगदाणा तेल साधारण २३० अंशांच्या आसपास धुरायला लागतं. आणखी तापत गेलं तर पावणेचारशे अंशांच्या जवळपास ते ठिणगीशिवाय, आपोआप पेटतं. म्हणजे धूर ही तुम्हाला मिळालेली शेवटची सूचना. गेल्या वर्षी तुम्हाला ती मिळाली. धूर दिसला की कढई हलवू नका, शेगडी बंद करा आणि झाकण ठेवा.

तळणासाठीचा थर्मामीटर दहा-पंधरा डॉलरला मिळतो. तो घ्या. पिठाची गोळी टाकून तेल बघायची आपली रीत चांगली आहे, पण ती तेल तापलं का हे सांगते, किती जास्त तापलं हे सांगत नाही. तेल ‘हाय’वर ठेवून तापवू नका, मध्यम आचेवर वेळ द्या. घाणा काढला आणि पुढच्या चकल्या पाडायच्या असतील तर तेवढ्यात तेल चढत राहतं, म्हणून चकल्या आधी पाडून ठेवा. भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. आणि गोल बुडाची लोखंडी कढई सपाट काचेच्या शेगडीवर, म्हणजे ग्लास टॉपवर, नको. ती डुगडुगते आणि एकाच ठिकाणी टेकल्याने तिथली काच व तेल दोन्ही जास्त तापतात. जाड, सपाट बुडाचं, उंच काठाचं पातेलं घ्या.

फोन आला तर? शेगडी बंद करून फोन घ्या. अमेरिकेतल्या घरगुती आगींचं पहिलं कारण स्वयंपाक, आणि त्यातही चालू शेगडी सोडून जाणं, हे इथली राष्ट्रीय अग्निसुरक्षा संस्था दरवर्षी सांगते. विजेच्या शेगडीच्या घरांत हा धोका गॅसपेक्षा जास्त आहे, हेही त्यांच्याच नोंदींतून दिसतं. तेल शेगडीवर असताना दारावरची घंटा, मुलांचं भांडण, ऑफिसचा कॉल, काहीही असो, आधी बटण.

प्रश्न: चिक्कीचा पाक ग्लास टॉपवर सांडला. गार झाल्यावर खरवडला तर काचेचा कपचाच निघाला. हे कव्हर होतं का? आणि कुकरच्या बुडाचे चंदेरी डाग कशाने जातात?
*— एक वाचक, टोरांटो*

कपचा भरून निघत नाही, दादा. तडा आरपार गेला असेल तर शेगडी वापरू नका, सांडलेलं पाणी तड्यातून खालच्या २४० व्होल्टच्या भागावर जाऊ शकतं. वॉरंटीत हे बहुतेक वेळा बसत नाही, तरी कागद वाचून बघा.

काचेवर बाकी काहीही सांडलं तर गार होऊ द्यावं. साखर आणि गूळ मात्र अपवाद. काकवी, पाक, जॅम, गुळाचं पुरण, हे गार होताना काचेला घट्ट धरून बसतं आणि आकसताना काचेचा पापुद्रा ओढून काढतं. म्हणून भांडं बाजूला, बर्नर बंद, जाड हातमोजा चढवायचा आणि लांब दांड्याच्या पात्याच्या खरवडणीने, पातं जवळजवळ आडवं धरून, पाक गरम असतानाच थंड बाजूला ओढून घ्यायचा. ओलं फडकं त्या वेळी लावू नका, वाफेने हात भाजतो. पाकाचे पदार्थ करणार असाल त्या दिवशी ही खरवडणी ओट्यावर काढून ठेवा.

चंदेरी डाग म्हणजे कुकरचं अ‍ॅल्युमिनियम काचेवर घासलं गेलेलं. काचेची शेगडी साफ करायची मलई (क्रीम) मिळते ती लावून, थोडा वेळ ठेवून, मऊ फडक्याने घासा. दोन-तीनदा करावं लागेल. ब्लीच, अमोनिया, ओव्हनचा स्प्रे, तारेची घासणी यांपैकी काही नको. भांडी सरकवण्यापेक्षा उचलून ठेवत जा. आणि काचेवरचा ‘गरम’ दिवा बटण बंद केल्यावरही लागलेला राहतो तो बिघाड नाही. पृष्ठभाग साधारण ६५ अंशांच्या खाली येईपर्यंत तो लागून राहतो. तो विझेपर्यंत काचेवर पिशवी, पुस्तक, बाळाची बाटली, काही ठेवायचं नाही.

प्रश्न: पाहुणे येण्याआधी ओव्हनचं ‘सेल्फ क्लीन’ लावू का? घरात पोपट आहे.
*— शार्लट*

पोपट असेल तर नकोच. सेल्फ क्लीनमध्ये ओव्हन सुमारे ४७० अंश सेल्सियसपर्यंत जातो आणि तीन-चार तास तिथे राहतो. आत चिकटलेल्या तुपाचा-तेलाचा आणि लेपांचा धूर निघतो, पक्ष्यांची फुप्फुसं तो सोसत नाहीत, पक्षी मरतात. बेकिंग सोड्याचा लेप रात्रभर लावून सकाळी पुसा. हीटिंगची नळी आणि दाराची रबरी-विणलेली पट्टी सोडून.

पोपट नसेल तरी पाहुण्यांच्या आदल्या आठवड्यात हे लावू नका. त्या उष्णतेत आतला सुरक्षा-फ्यूज जातो किंवा दाराचं कुलूप अडकतं, आणि थँक्सगिव्हिंगच्या तोंडावर मला असेच फोन येतात. लावायचंच असेल तर जाळ्या बाहेर, फॉइल बाहेर, साचलेलं तूप आधी पुसलेलं, खिडक्या उघड्या, आणि कोणीतरी घरी जागं.

न विचारलेलं एक सांगते. आपल्यातल्या बऱ्याच घरांत ओव्हन म्हणजे तवे, परात, प्लास्टिकचे डबे आणि पापडाच्या पिशव्या ठेवायचं कपाट झालेलं असतं. मग कोणी पाहुणा किंवा मुलगा पिझ्झासाठी ओव्हन चालू करतो. ते सगळं आजच बाहेर काढा. जागा नसेल तर पलंगाखाली ठेवा, पण ओव्हन रिकामा हवा. आत आग लागलीच तर दार उघडायचं नाही, ओव्हन बंद करायचा आणि दार मिटलेलंच ठेवून हवा तोडायची. विझत नसेल, धूर वाढत असेल, तर बाहेर पडून ९११.

प्रश्न: आमचा अडीच वर्षांचा मुलगा ओव्हनच्या दारावर चढतो. शेगडीची बटणं पुढेच आहेत. काय करू?
*— एक बाबा, शिकागो*

आज संध्याकाळी, शेगडी गार असताना, मागची वरची कड धरून शेगडी हलकेच पुढे झुकवून बघा. थोडी उचलून अडकली तर मागे लोखंडी पकड बसवलेली आहे. सरळ झुकत आली तर नाही. उघड्या दारावर मुलाचं वजन आलं की सगळी शेगडी वरच्या उकळत्या आमटीसकट पुढे कलंडते. १९९१ पासून अमेरिकेतल्या शेगड्यांसोबत ही पकड येते, पण बसवणारे घाईत ती ड्रॉवरमध्ये टाकून जातात, किंवा मागची झाडलोट करताना शेगडी ओढली जाते आणि परत ढकलताना पाय पकडीत जात नाही. नसेल तर कंपनीकडून मागवा, स्क्रूने जमिनीत किंवा भिंतीत बसते.

पुढच्या बटणांबद्दल तुमची काळजी रास्त आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या अकरा लाखांहून जास्त शेगड्या अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने परत-सूचनेत (रिकॉलमध्ये) घेतल्या, कारण माणसांचा किंवा पाळीव प्राण्यांचा धक्का लागून पुढची बटणं फिरत होती आणि आगी लागल्या होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या सुमारे पाच लाख शेगड्यांबाबत तशीच सूचना निघाली. तुमचा मॉडेल नंबर ओव्हनच्या दाराच्या चौकटीवर किंवा खालच्या ड्रॉवरच्या मागे सापडेल, तो आयोगाच्या संकेतस्थळावर तपासा. बटणांवरची झाकणं लावा, कंट्रोल लॉक असेल तर रोज वापरा. शेगडीच्या पुढे तीन फुटांवर जमिनीला रंगीत टेप लावा. लहान मुलं अशी रेघ पाळायला लवकर शिकतात.

प्रश्न: शेगडी बदलायची आहे. इंडक्शन घेऊ का? सासऱ्यांना पेसमेकर आहे.
*— सिअ‍ॅटल*

मी स्वतः इंडक्शनच्या बाजूची आहे. भांडंच तापतं, काच फक्त भांड्याच्या उष्णतेने गरम होते, आणि भांडं उचललं की वीज थांबते. आधी चुंबक घेऊन भांडी तपासा: बुडाला घट्ट चिकटलं तर चालेल. लोखंडी तवा चालतो, साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर चालत नाही, इंडक्शन बुडाचा घ्यावा लागेल. सासऱ्यांनी चालू इंडक्शनपासून ६० सेंटिमीटर म्हणजे दोन फूट अंतर ठेवावं असा सर्वसाधारण सल्ला आहे. शेगडी घेण्याआधी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना एकदा विचारा. ते स्वतः स्वयंपाक करत असतील तर मी साधा ग्लास टॉपच घेईन.

प्रश्न: आई पुण्यात एकटी राहते. गॅस सिलिंडर उचलायला नको म्हणून तिला इंडक्शनची छोटी शेगडी घेऊन दिली. ती एक्स्टेन्शन बोर्डावर लावते, त्यावरच मिक्सर आणि फोनचा चार्जर. काही हरकत?
*— एक मुलगी, लंडन*

हरकत आहे. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढते. साधं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं, आणि बाजारातले बरेचसे बोर्डही तेवढ्याच ताकदीचे. तार गरम होत राहते, प्लास्टिक मऊ होतं आणि एक दिवस पेटतं. ओट्याजवळ १६ अँपिअरचा पॉवर प्लग, स्वतंत्र तारेने, अर्थिंगसह, एमसीबीवर (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा खटका) बसवून घ्या. जुन्या वाड्यात किंवा जुन्या सोसायटीत घर असेल तर वायरमनला आधी अर्थिंग खरंच आहे का ते तपासायला सांगा, नुसती तिसरी भोकं असून चालत नाही.

आईला सांगा, शेगडीखाली वर्तमानपत्र किंवा प्लास्टिकचा कागद अंथरू नये, खालून पंखा हवा ओढतो. भांडं उतरवल्यावर पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नये. रात्री प्लग काढून शेगडी ओट्यापासून उचलून कोरड्या जागी ठेवावी. उबेला झुरळं आत शिरतात आणि आतल्या पाटीवर शॉर्ट करतात. या आठवड्यात तिला व्हिडिओ कॉलवर स्वयंपाक सुरू केल्यावर दहा मिनिटांनी शेगडी बंद करून, पंखा थांबला की प्लग काढायला आणि त्याच्या बाहेरच्या प्लास्टिकला हात लावून बघायला सांगा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर नवा पॉवर प्लग बसेपर्यंत गॅसवरच स्वयंपाक करू दे.